कॅमेरा वाकडा होता

"आई, तुला हल्ली चक्कर वगैरे येते का?" मुलाने पुण्याहून फोनवर विचारलं, तेव्हा मी दवनीवाड्याच्या शेतात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी होते. धान निसवायला लागलं होतं आणि एका बांधीचं पाणी फुटून खालच्या बांधीत चाललं होतं. चक्कर कशाची, म्हटलं, सकाळपासून चिखलात उभी आहे. मग त्याने झोपेची चौकशी केली. डोळे कधी तपासले ते विचारलं. रक्तदाबाची गोळी चुकते का, हेही विचारून झालं. मी वैतागून म्हटलं, सरळ बोल. तेव्हा कुठे त्याने सांगितलं, की माझी गाडी त्याच्या फोनवर माझ्याविरुद्ध बोलत होती.

गाडी त्यानेच निवडलेली. समोरच्या काचेला, आतल्या आरशाच्या मागे, एक छोटा कॅमेरा बसवलेला. तो रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघतो, पुढच्या गाड्या बघतो. आपण पट्टा ओलांडायला लागलो की टुंगटुंग वाजतं आणि स्टिअरिंग जरासं ओढून गाडी जागेवर आणायचा प्रयत्न होतो. समोर काही आलं आणि आपण थांबलो नाही, तर गाडी स्वतः ब्रेक लावते. या सगळ्याची नोंद एका ॲपमध्ये जाते. ते ॲप मुलाने गाडी घेताना स्वतःच्या फोनवर चालू करून ठेवलं होतं. मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. लांब राहणारा मुलगा, त्याला आपली आई कुठे आहे कळलं तर बरंच, इतकाच विचार मी केला होता.

गाडी चालवणं मला नवं नाही. आमच्या घरात आधी ट्रॅक्टर मी शिकले, मग जुनी जीप, मग कार. नवरा शाळामास्तर. त्यांनी तरुणपणी एकदा स्कूटर शिकायला घेतली आणि ती पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, वाफ्यात घातली. त्यानंतर कुठल्याच हँडलला हात लावला नाही. लग्नं, दवाखाने, बाजार, मुलाच्या परीक्षा, सगळीकडे मीच नेलं. पोवारांच्या घरची सून ट्रॅक्टरवर बसते म्हणून सुरुवातीला लोक धुऱ्यावर थांबून बघायचे. बघून बघून कंटाळले आणि आपापल्या कामाला लागले.

त्या कॅमेऱ्याशी माझं वैरही नव्हतं. आमगावला रेल्वे फाटकाजवळ एकदा पुढची ऑटो एकदम थांबली, आणि माझा पाय ब्रेकवर जायच्या आत गाडी थांबली. मी मनातल्या मनात त्याला शाबासकी दिली. त्याची निगाही मीच राखायची. गोंदियात राइस मिलची बारीक काळी राख उडते, ती काचेवर बसते आणि वायपर फिरवला की चिकट थर होतो. तो मी ओल्या कपड्याने रोज पुसायची. काच आतूनही धुरकट होते, म्हणून आरशामागचा भाग मऊ कोरड्या कपड्याने हळूच, भिंगाला बोट न लागू देता. नवऱ्याने डॅशबोर्डवर ठेवलेल्या गणपतीचं चकचकीत पितळी आसन काचेत उमटायचं, त्याचं प्रतिबिंब कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून गणपतीला मी कोपऱ्यात हलवलं. फास्टॅगचं स्टिकरसुद्धा कॅमेऱ्यासमोर येणार नाही असं बघून लावलं.

मग पावसाळ्यात सडक अर्जुनीच्या पुढे एका टिप्परच्या चाकाखालून खडा उडाला. काचेवर चांदणीएवढा तडा गेला आणि घरी येईपर्यंत तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरला. गोंदियातल्या एका दुकानात काच बदलून घेतली. काम स्वच्छ होतं. जुन्या काचेवरचा कॅमेरा काढून नव्या काचेवर त्याच जागी बसवला, दिवा लागला, सगळं सुरू झालं. आणखी काही करावं लागतं, असं त्या दुकानात कोणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर गाडी टोचायला लागली. गावच्या रस्त्यावर काही नाही, कारण तिथे पट्टेच नाहीत. पण हायवेला लागलं की टुंगटुंग. मी गाडी बरोबर मध्ये ठेवायची आणि समोरच्या पडद्यावर दिसायचं, की मी उजव्या पट्ट्यावर चढले आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ती सडक अर्जुनीजवळ राहते, आणि तिला घेऊन भंडाऱ्याला तपासायला जावं लागायचं, म्हणून हायवे सारखाच लागायचा.

एका फेरीत बहीण मागे पाय लांब करून बसली होती. पुढे ढाब्यापाशी डाव्या कडेला ट्रक ओळीने उभे होते. त्यांच्या बाजूने जात असताना टुंगटुंग झालं आणि स्टिअरिंगने माझ्या हातातून डावीकडे ओढ घेतली. ट्रकच्या मागच्या लोखंडी पट्टीकडे. ओढ फार जोराची नव्हती, हात धरून कुणी चल म्हणावं तेवढीच. पण बेसावध असते तर तेवढी पुरली असती. मी चाक घट्ट धरून ठेवलं आणि उजवीकडे दाबलं. गाडी आणि मी, दोघी एका चाकासाठी झगडत त्या ओळीच्या बाजूने पार झालो. बहिणीला काही कळलं नाही. ती डॉक्टरांबद्दल बोलत होती. मी पुढे गाडी कडेला घेतली, पाणी प्याले, आणि पट्ट्यांच्या इशाऱ्याचं आणि ओढीचं बटन शोधून बंद केलं. भीतीपेक्षा संताप जास्त होता.

मुलाच्या फोनवर मात्र एवढंच गेलं होतं: पट्टा सोडला, पट्टा सोडला, पट्टा सोडला. मी फोनवर त्याला सांगितलं, की हे काच बदलल्यापासून सुरू झालंय. तो म्हणाला, बरं, मी येतोच आहे दिवाळीला, तेव्हा बघू. त्याच्या आवाजात आजारी माणसाशी बोलतानाची नरमाई होती. ती मला झोंबली.

दिवाळीला तो आला. आमच्या शेजारीच माझे दीर राहतात. घरातलं कोणतंही महत्त्वाचं बोलणं त्यांच्याशिवाय होत नाही. फराळाच्या ताटल्या समोर ठेवून तिघे बसले, नवरा, दीर आणि मुलगा. मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले, तेव्हा गाडीला ड्रायव्हर ठेवायचा निर्णय जवळजवळ झालेला होता. दिराच्या ओळखीचा एक ड्रायव्हर होता, माणूस चांगला, दारूला न शिवणारा.

"वहिनी, लय चालवली तुम्ही," दीर म्हणाले. "आता आराम करा. आम्ही नाही, गाडीच सांगून राहिली ना."

"गाडी काय सांगून राहिली ते मले आधी समजू द्या, भाऊजी," मी म्हटलं. "काच बदलली तवापासून ते वाकडं बोलून राहिलं. मी सांगितलं होतं. कोणी आयकलं नाही."

मुलाने फोन पुढे करून आलेख दाखवला. लाल रेघांचे उंच उंच खांब. तो म्हणाला, आई, काच नवी आहे, कॅमेरा चालू आहे, कुठलाही बिघाड दाखवत नाही. आणि मग, माझी नजर टाळत, "काही दिवस तू चालवू नको. चावी मी ठेवलीय."

चावी त्याच्या खिशात होती. लहानपणी याच मुलाला पुरात रस्ता बुडाला म्हणून ट्रॅक्टरवर समोर धरून मी परीक्षेला पोचवलं होतं. मी ते बोलून दाखवलं नाही. त्याचा संबंध नव्हता. मी फक्त हात पुढे केला.

"चावी दे."

"आई, डेटा खोटं कशाला बोलेल?"

"डेटा तुझा असेल. गाडी माझी आहे. दे."

तो बापाकडे बघायला लागला. नवऱ्याला भांडण सोसत नाही. असं काही सुरू झालं की ते चष्मा पुसत बसतात. त्या दिवशीही पुसत होते. पुसता पुसता, कोणाकडेही न बघता ते म्हणाले, "मी हिच्या बाजूला बसून इतकी वर्षं झोपत आलोय. भीती वाटली असती तर झोप लागली असती का?"

मुलाने चावी माझ्या हातावर ठेवली.

पण मला तेवढ्यावर सोडायचं नव्हतं. माया म्हणून चावी परत मिळाली, तर ती उद्या मायेनेच पुन्हा काढून घेतली जाणार. मी सांगितलं, उद्या सकाळी सगळ्यांनी गाडीत बसायचं, कोहमाऱ्यापर्यंत मी नेते, आणि हायवेला लागलं की भाऊजी चालवतील. दीर म्हणाले, त्याची काय गरज. मी म्हटलं, आहे.

सकाळी गोरेगावमार्गे निघालो. कापणी सुरू झालेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाचे कडपे पडलेले. कोहमाऱ्याला मी उतरले, बंद ठेवलेलं बटन चालू केलं आणि मागे जाऊन बसले. दिरांनी सीट मागे सरकवली, आरसा आपल्या उंचीला लावला आणि ऐटीत निघाले. ते गाडी चांगली चालवतात, हे कबूल केलं पाहिजे. सरळ, शांत, दोन्ही हात चाकावर.

पहिला ढाबा मागे गेला नाही तोच टुंगटुंग.

त्यांनी गाडी सावरली. पुन्हा टुंगटुंग. तिसऱ्यांदा स्टिअरिंगने डावीकडे ओढ घेतली आणि ते दचकून सीटमध्ये पुढे आले.

"हे काऊन वाजून राहिलं? मी त मधातच आहो."

मी खिडकीबाहेर बघत बसले. नंतर मुलगा बसला चालवायला. त्याच्याही हाती तेच. तो पुण्यात रोज असली गाडी चालवतो, त्यामुळे ओढ आल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. ट्रक उभे होते त्या जागेवरून जाताना मी त्याला सांगितलं, इथे ओढलं होतं, मावशी मागे बसली होती. त्याने वेग कमी केला, पुढच्या ढाब्यावर गाडी घेतली आणि चहा येईपर्यंत फोनमध्ये डोकं घालून बसला. मग त्याने मोठ्याने वाचून दाखवलं, की समोरची काच बदलली की खुणांचा एक बोर्ड समोर ठेवून कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. जागा तीच दिसली तरी नव्या काचेवर तो केसभर फिरलेला असू शकतो, आणि जवळचा केसभर फरक दूरच्या रस्त्यावर हातभर होतो. कॅमेऱ्याला स्वतःला ते कळतच नाही. तो आपल्या जागी ठाम असतो.

"सॉरी, आई," तो म्हणाला. मी त्याला भजी खा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गोंदियाच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मॅनेजरने यंत्र लावलं, पडद्यावर हिरवी खूण आली आणि तो मुलाकडे वळून म्हणाला, की सिस्टीममध्ये कोणताच एरर नाही. मग आवाज उतरवून, मी तिथे नसल्यासारखं, "उमर के साथ थोडा होता है, सर."

मुलगा बोलणार होता. मी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"मुझसे बात करो," मी म्हटलं. "गाडी मेरी है, चलाती मैं हूँ. तीन लोगों ने चलाई, तीनों को बायें खींचा. तीनों की उमर अलग है."

तो हसायला गेला, पण मी हसत नव्हते. कॅमेरा जुळवायचा बोर्ड तुमच्याकडे आहे का, मी विचारलं. तो म्हणाला, इथे नाही, नागपूरला आहे, पण एवढ्यासाठी तिकडे जायची गरज नाही. गरज आहे की नाही ते मी ठरवीन, म्हटलं, तुम्ही फक्त तिकडे फोन करून वेळ घ्या. त्याने घेतली. मग म्हणाला, आमचा ड्रायव्हर गाडी नेऊन आणेल, तुम्ही कशाला त्रास घेता. तेव्हा मात्र माझा आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या टेबलावरची मुलगी टाइप करायची थांबली. मी सांगितलं, की गाडी इथवर मी आणली आणि नागपूरलाही मीच नेणार.

मुलाला पुण्याला नागपूरहूनच जायचं होतं, म्हणून दोन्ही कामं एकत्र केली. पट्ट्यांचं बटन बंद ठेवून मी चालवत गेले. साकोली, लाखनी, भंडारा, सगळा रस्ता पाठ आहे मला. मुलगा बाजूला बसला होता. सुरुवातीला त्याचा उजवा पाय रिकाम्या जागेवर ब्रेक दाबत होता. लाखनीच्या पुढे तो पाय सैल पडला. भंडाऱ्यानंतर तो बापासारखाच, तोंड उघडं टाकून झोपला.

नागपूरच्या वर्कशॉपमध्ये एक गुळगुळीत, सपाट फरशीची खोली होती. तिथल्या माणसाने आधी चारही चाकांची हवा तपासली. मग डिकी उघडायला लावली. डिकीत मुलासाठी घेतलेली घरच्या तांदळाची गोणी होती. ती काढा, म्हणाला, मागे वजन असलं की गाडीचं तोंड वर होतं आणि कॅमेरा आभाळाकडे बघतो. मुलाने गोणी खांद्यावर घेऊन बाहेर नेली. मग त्या माणसाने समोर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा मोठा बोर्ड आणला, त्याचं अंतर मोजलं, पुन्हा मोजलं, आणि यंत्राने कॅमेऱ्याला तो बोर्ड दाखवला. कॅमेरा एका बाजूला बघत होता. थोडासाच, तो माणूस म्हणाला. मी मुलाकडे बघितलं. तो बोर्डकडे बघत होता.

बाहेर रिंगरोडवर फिरवून पाहिली. पट्ट्यांच्या मध्ये ठेवली की पडद्यावरही मध्ये. मुद्दाम जरा कडेला नेली, तेव्हा वाजली. बरोबर वाजली.

मुलाला स्टेशनवर सोडताना मी गाडी बाजूला लावली आणि म्हटलं, ते ॲप तुझ्या फोनवरून काढ. तो म्हणाला, आता तर कॅमेरा ठीक झाला, आता राहू दे, मला निवांत वाटतं.

"तुला माझी काळजी वाटते ना?" मी म्हटलं. "मग मला फोन कर. मला विचार. गाडीला माझ्याबद्दल विचारू नको."

त्याला वाईट वाटलं होतं, आणि मला ते दिसत होतं. तरी मी शब्द मागे घेतला नाही. त्याने माझ्यासमोर ॲप काढून टाकलं, गोणी उचलली, वाकून पाया पडला आणि गर्दीत गेला. आता तो रविवारी फोन करतो. कधी कधी विचारतो, आज कुठे गेली होतीस. मी सांगते.

बहिणीला नेताना आता ते बटन चालू असतं. काम चोख करतो तो कॅमेरा, जेवढं त्याला दिसतं तेवढं. पण त्याला किती दिसतं हे मी स्वतः बघून ठेवलंय. आमगावहून संध्याकाळी परतताना सूर्य समोरून डोळ्यांत येतो, तेव्हा पडद्यावर पाटी येते की कॅमेऱ्याला दिसत नाही. मला दिसतं असं नाही. पण मी वेग कमी करते आणि हाताने काचेवरची उन्हाची झापड खाली घेते. थंडीत धानाच्या बांध्यांवरून धुकं उठतं, तेव्हाही तो हात टेकतो. अर्ध्या रस्त्यावर लोक धान वाळत घालतात आणि कडेने गोटे मांडून ठेवतात, त्याला ते धानही कळत नाही आणि गोटेही. तणसाने, धानाच्या पेंढ्याने, लादलेली बैलबंडी पुढे असली की ती काय वस्तू आहे हे त्याला अजून उमगलेलं नाही. त्याला पट्टा लागतो. आमच्याकडे पट्टे कुठे आहेत? म्हणून तो वाजला की मी ऐकते, आणि नाही वाजला तरी रस्त्यावरची नजर काढत नाही. काच बदलायची वेळ कुणावर आली, तर आधी कॅमेऱ्याचं विचारून घ्या, असं मी ओळखीच्यांना सांगते. काहींना वाटतं, या बाईला आता एवढंच सुचतं. वाटू दे.

दीर त्या दिवसानंतर गाडीबद्दल काही बोलले नाहीत. ड्रायव्हरचंही नाव निघालं नाही. पण गेल्या उन्हाळ्यात त्यांची धाकटी सून माझ्याकडे आली. गोंदियात बँकेत नोकरी करते, अबोल पोरगी. दारात उभी राहून म्हणाली, "काकू, मले शिकवान का गाडी?"

मी विचारलं, घरी सांगितलंस का. ती म्हणाली, सांगितलं. मग काय म्हणाले? तर म्हणे, बाबा काहीच बोलले नाहीत, पेपर वाचत होते.

मी तिला धान खरेदी केंद्राच्या मोकळ्या मैदानावर घेऊन गेले. खरेदी संपली होती, मैदान रिकामं होतं, फक्त कडेला फाटक्या बारदानाचा ढीग. तिला चाकामागे बसवलं. तिने सीटबेल्ट बांधला आणि पडद्यावरच्या सगळ्या खुणा एकेक करून विचारल्या. हे काय, ते काय, हे कशाला वाजतं. मी म्हटलं, ते सगळं नंतर. ब्रेकवर पाय ठेव, आणि गाडी कुठं जाऊन राहिली ते तुझ्या डोळ्यांनी पाह. तिने ब्रेक सोडला. गाडीने गचका दिला, बारदानाकडे निघाली, आणि तिने स्वतःच ती थांबवली.

"पुन्हा," मी म्हटलं.